विल्फची नऊ वाक्यं

लंडन,
ता. १२ एप्रिल १९५३

ती. एनिडताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

हे पत्र आबांना मोठ्यानं वाचून दाखव, पण आधी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घे. नाहीतर सांडतील आणि तू माझ्या नावानं खडे फोडशील.

ताई, मला बोलायचं काम मिळालं! दोन वर्षं मी गर्दीत उभा राहिलो. शिपाई झालो, मढं झालो, मेजवानीत पाठमोरा बसलो. मागच्या बोलपटात तर माझं फक्त कोपर दिसलं, आणि ते बघायला तू बसभाडं खर्च करून गेलीस हे मी विसरलेलो नाही. आता मात्र नऊ वाक्यं आहेत. मोजली मी. गोष्ट जुन्या काळची, एका जमीनदाराच्या वाड्यावरची. मी तबेल्यातला घोडेवान. शेवटी कळतं, की हा घोडेवान म्हणजे त्या जमीनदाराचाच हरवलेला मुलगा.

निवडलं का, तर मला घोड्याची भीती वाटत नाही म्हणून. नाट्यशाळेतून आलेली देखणी देखणी पोरं घोड्याच्या मागच्या पायांजवळ गेली की पांढरीफटक पडायची. मी सरळ जाऊन घोड्याच्या मानेवर हात ठेवला. दिग्दर्शकानं विचारलं, कुठे शिकलास? म्हटलं, जमिनीखाली. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

आबांना सांग, खाणीतल्या तबेल्यात त्यांनी मला दोन वर्षं शेण काढायला लावलं, त्याचे उपकार आज फिटले.

तुझा,
विल्फ
(लोभ आहे तसाच राहू दे, आणि मोज्यांची जोडीही पाठव.)


ब्रॅकनलॉ, जि. डरहॅम,
ता. १९ एप्रिल १९५३

चि. विल्फ यास,
अ. उ. आ.

कप काढून घेतला होता, तरी सांडायचं ते सांडलंच. आबा उठून उभे राहायला गेले आणि टेबलच हललं. मग तसेच परसात गेले, भिंतीपलीकडच्या आयझॅक करीला हाक मारून बातमी दिली. आयझॅक कबुतरांना दाणे घालत होता, तोही अर्धे सांडून बसला. आता अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. सोसायटीच्या दुकानात मी साखर मोजत असले तरी बायका आधी तुझं विचारतात.

आबा काय म्हणाले ते सांगते. म्हणाले, आजवर पोरगं लोकांना दिसत होतं, त्याचा मला काय उपयोग? आता ते बोलणार, म्हणजे ते माझ्यासाठी काम करणार. खाणीत सुरुंग उडून त्यांचे डोळे गेल्याला या शरदात सात वर्षं होतील. या सात वर्षांत त्यांनी स्वतःहून कशासाठी हट्ट धरल्याचं मला आठवत नाही. आता धरलाय. तुझी नऊच्या नऊ वाक्यं लिहून पाठव. त्यांना पाठ करायची आहेत, म्हणजे बोलपटात ती कधी येणार ते आधीच कळेल.

मोजे पाठवते आहे. टाचेला भोक पडेपर्यंत पायातून काढत नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून टाच दुहेरी विणली आहे.

आबांचे आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर लोभात काटछाट होईल.

तुझी ताई,
एनिड


लंडन,
ता. १० मे १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

वाक्यं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. पहिलं अगदी साधं आहे, ‘घोडा तयार आहे, साहेब.’ मधली सगळी रस्ता, पाणी, खोगीर यांच्याबद्दल. शेवटचं मात्र चांगलं आहे. ‘माझा बाप कोण हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.’ मी हे म्हटलं तेव्हा दिव्यांमागे उभी असलेली शिवणकाम करणारी बाई डोळे पुसत होती. आबांना हे सांगू नकोस, डोक्यावर बसतील.

परवा गंमत झाली. एक पांढरी घोडी आहे, मोठी मिजासखोर. एवढे दिवे पाहून ती तबेल्यातून बाहेरच येईना. साखर दाखवून झाली, गाजर दाखवून झालं, तिचा राखणदार घामाघूम झाला. यंत्र चालू होतं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून आबा खाणीत ड्यूक घोड्याला बोलवायचे तशी हाक मारली. जिभेच्या दोन टिचक्या आणि दातांतून आत ओढलेला श्वास. घोडी मान खाली घालून निमूट चालत आली! दिग्दर्शक हसून म्हणाला, हे असंच राहू दे. नऊ वाक्यांचं कौतुक राहिलं बाजूला, घोडी आणली त्याचंच झालं.

घरमालकीण रोज सकाळी खारवलेला मासा देते. मी आता स्वतःच मासा होणार आहे.

आबांना नमस्कार. तुम्हा दोघांच्या लोभावरच चाललंय सगळं.

विल्फ


ब्रॅकनलॉ,
ता. २ ऑगस्ट १९५३

चि. विल्फ यास अ. उ. आ.

तुझी वाक्यं ऐकून ऐकून माझे कान किटले. आबा परसातल्या लीकच्या भाजीच्या वाफ्याशी उकिडवे बसतात, हातांनी चाचपून दांडे किती जाड झाले ते बघतात आणि लीकना सांगतात, घोडा तयार आहे, साहेब. आयझॅक म्हणतो, म्हाताऱ्याच्या लीकना या वर्षी बक्षीस नक्की, दुसऱ्या कुणाच्या लीकना एवढी अदब दाखवली जात नाही. शेवटचं वाक्य मात्र ते मोठ्यानं म्हणत नाहीत. ओठ हलतात फक्त.

आता जरा वेगळं. डॉक्टर आले होते. छातीत खाणीची धूळ बसलेली आहे, ती काही निघायची नाही. हिवाळा जपून काढायला हवा म्हणाले. नर्सबाई पॉट्स आठवड्यातून दोनदा सायकलवरून येते. आबा तिलाही वाक्यं ऐकवतात. मला भीती वाटते, विल्फ. रात्रंदिवस खोकला ऐकते ना मी. पण स्टेनबीच्या थिएटरात तुझा बोलपट ऑक्टोबरात लागणार हे कळल्यापासून ते औषध न कुरकुरता घेतात. मी पूर्ण बस ठरवली आहे. चव्वेचाळीस माणसं. प्रार्थनामंदिराचे म्हातारे सभासद विचारत होते, चित्र पाहण्याजोगं आहे ना, कुणी कुणाचा मुका वगैरे? मी म्हटलं, आमचा विल्फ फक्त घोड्याशी बोलतो.

लीकच्या प्रदर्शनाला सप्टेंबरात येतोस ना? कबूल केलं होतंस. लोभाची उधारी फार झाली, जातीनं येऊन फेड.

एनिड


लंडन,
ता. २७ सप्टेंबर १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

प्रदर्शनाला येता आलं नाही. आबांना दुसरं बक्षीस मिळालं हे वाचून आनंद झाला.

एक विनंती आहे. त्या बोलपटाचा एवढा गाजावाजा करू नकोस. बस रद्द करता आली तर कर. चित्र काही फार चांगलं उतरलेलं नाही, माझं काम तर अगदीच किरकोळ. आबांना तर नेऊच नकोस. थंडी, गर्दी, लोकांच्या सिगरेटचा धूर, त्यांच्या छातीला ते सोसणार नाही. पुढच्या बोलपटाला न्या. त्यात माझं काम मोठं आहे, आयर्लंडच्या किनाऱ्यावर जायचंय, परवाच निघतो. स्टुडिओनं माझ्यावर बराच खर्च चालवलाय. एक बाई रोज तासभर मला बोलायला शिकवते. दंतवैद्यानं माझा पुढचा तुटका दातही नीट करून दिला. आरशात बघतो तेव्हा मीच मला ओळखत नाही.

खरंच सांगतो, नेऊ नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नका, काही झालं तरी.

विल्फ


ब्रॅकनलॉ,
ता. १८ ऑक्टोबर १९५३

विल्फ,

आशीर्वाद नंतर. आधी काल काय झालं ते ऐक.

तू नेऊ नकोस म्हणून लिहिलंस, आम्हाला वाटलं लाजतोय. पहिल्यापासून तुझं असंच, नाताळच्या नाटकात देवदूत झालास तेव्हाही पलंगाखाली लपला होतास. गेलो आम्ही. आबांनी लग्नातला कोट घातला होता. आयझॅकनं दोन्ही बुटांना पॉलिश केलं. मी त्यांना मधल्या जागेवर बसवलं, आवाज दोन्ही बाजूंनी सारखा यावा म्हणून.

तू पडद्यावर आलास तेव्हा चव्वेचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. घरी वाक्यं म्हणताना एकेक बोट मुडपायची सवय लागलीय त्यांना. मी त्या बोटांकडेच बघत होते. तू तोंड उघडलंस, ‘घोडा तयार आहे, साहेब.’ आणि विल्फ, तो आवाज! जणू कुणी बिशपचा मुलगा बोलतोय. घासूनपुसून, इस्त्री करून ठेवलेला. आमची बोली नाही, आमची पट्टी नाही, आईच्या घरातली एक खूण नाही. आबांचं एक बोट हललं नाही. दुसऱ्या वाक्याला नाही, तिसऱ्याला नाही. मध्येच एकदा, घोडी बाहेर येते तिथे, करंगळी मुडपली. तिथे तर तुझं वाक्यच नव्हतं. मोजणी चुकले असतील बिचारे. आणि मग शेवटी तू त्या जमीनदारासमोर उभा राहिलास आणि बाप कोण हे मला कुणी सांगितलं नाही म्हणालास. विल्फ, तुला सांगितलं होतं की रे. इथे बसला होता तो तुझ्या समोर.

परतीच्या बसमध्ये आयझॅकची बायको म्हणाली, किती छान बोलतो आता, अगदी साहेब. आबा एवढंच म्हणाले, की पोराला चांगलं धुऊन काढलंय. घरी आले, कोट काढला, झोपले.

तू आम्हाला का नेऊ नकोस म्हणालास ते आता कळलं. आमची लाज वाटत होती तर तसं लिहायचं होतंस. आम्ही खाणीतली माणसं, काळ्या गोष्टी बघायची आम्हाला सवय आहे.

लोभाचं तूच बघ आता.

एनिड


आयर्लंड,
ता. २३ ऑक्टोबर १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सकाळपासून खिशात आहे. मला लाज वाटते हे खरं, पण तुमची नाही.

ताई, तो आवाज माझा नाही.

ऑगस्टात मला बोलावून घेतलं. चित्र पूर्ण झालं होतं. म्हणाले, चेहरा उत्तम आहे, चाल उत्तम आहे, पण जमीनदाराचा मुलगा खाणीतल्यासारखा बोलतो, दक्षिणेकडच्या लोकांना अर्धं कळणार नाही. मी म्हटलं, तो तबेल्यात वाढलाय, मग कसा बोलेल? ते म्हणाले, रक्त बोलतं. इथे असं सर्रास करतात. तोंड एकाचं ठेवतात, आवाज दुसऱ्याचा चढवतात. एक पन्नाशीचे गृहस्थ आले, टक्कल पडलेले, अगदी सज्जन. खिशातून पेपरमिंटची गोळी काढून मलाही दिली. पडद्यावर मी ओठ हलवायचो आणि ते काळोखात उभे राहून बोलायचे. शेवटच्या वाक्याला त्यांनी मला विचारलं, तुम्ही इथे वाक्याच्या मध्ये थांबता का? मी म्हटलं, हो, थोडा थांबतो. ते थांबले. दुपारच्या जेवणाआधी नऊच्या नऊ वाक्यं झाली. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, माफ करा हं. मी त्यांना म्हटलं, त्यात काय एवढं. आणि बाहेर येऊन भिंतीशी उभा राहून रडलो.

हे तुला लिहायला मला दोन महिने जमलं नाही. गल्लीत सगळीकडे नऊ वाक्यांचा डंका, आणि मी कुठल्या तोंडानं सांगू, की नवापैकी एकही माझं नाही?

आबांना सांगू नकोस. हात जोडतो. पोरगं गर्विष्ठ झालं, बोली विसरलं, असं वाटलं तर वाटू दे. गर्विष्ठ पोराला बाप शिव्या तरी घालतो. पोराचा आवाजच कुणाला नको होता, पुसून टाकला, हे त्यांना सोसणार नाही. कानांखेरीज त्यांच्याजवळ आहे काय?

तू मात्र माझ्यावरचा लोभ परत घे जागेवर. तो गेला तर मला काही उरत नाही.

विल्फ


ब्रॅकनलॉ,
ता. ८ नोव्हेंबर १९५३

चि. विल्फ यास अ. उ. आ., आणि मागच्या पत्रात दिले नव्हते तेही आजच्यात मिळवून घे.

चुकलं माझं. मोठी बहीण म्हणवते आणि तुला एवढं ओळखता आलं नाही. तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, लोण्याच्या पिंपावर बसून वाचलं आणि बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली. रक्त बोलतं म्हणे! त्या लोकांना एकदा आपल्या खाणीत उतरवायला हवं, मग काय काय बोलतं ते कळेल.

आबांना सांगितलं नाही. तुझा शब्द पाळला, पण ओठांवर येतं रे रोज. त्यांच्यापुढे बसून तुझी पत्रं वाचते आणि मधली पानं गाळते. आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं असतं, म्हणूनच ते मला जमत नाही. परवा म्हणाले, एनिड, विल्फचा आवाज कसा वाटला तुला? मी म्हटलं, शहरात राहून सुधारला. ते हसले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

एक कोडं मला उलगडत नाही. त्या शनिवारनंतर आबा आणखी दोनदा तो बोलपट ऐकून आले. मला न सांगता. दुपारच्या खेळाला, आयझॅकला घेऊन, बसनं. मी रागावले, म्हटलं, कशाला स्वतःला असं जाळता? तर म्हणाले, गोष्ट चांगली आहे. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा पायऱ्या चढताना श्वास पुरेना. तेव्हापासून अंथरुणावर आहेत. नर्सबाई आता रोज येते.

विल्फ, डॉक्टर माझ्याशी दारात उभं राहून हळू आवाजात बोलले. त्यांना वाटतं आबांना ऐकू जात नाही. तू येऊन जा. त्यांच्याजवळ बसून चार शब्द बोल, आपल्या बोलीत, तुझ्या तोंडानं. दुसरं काही आणू नकोस.

वाट बघते. या खेपेला पत्रावर भागणार नाही.

एनिड


आयर्लंड,
ता. १४ नोव्हेंबर १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

निघायला हवं हे कळतं. आज दिग्दर्शकाशी बोललो. सबंध महिनाभर पाऊस, आता कुठे चार दिवस ऊन दिसतंय, आणि होडीतले सगळे प्रसंग माझ्यावर आहेत. मी गेलो तर दुसऱ्याला घेणार, हे त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. आणि ताई, या बोलपटात मी कोळी आहे. माझा आवाज ठेवणार आहेत, कागदावर लिहून दिलंय. आबांना मी हे देणार आहे. यात माझं बोलणं वाक्यांत मोजता येणार नाही एवढं आहे.

नाताळाला नक्की येतो. फक्त पाच आठवडे. त्यांना म्हणावं, तेवढा दम धरा, लीक उपटून ठेवू नका, मी येऊन उपटीन. औषध घेत जा म्हणावं.

पाच आठवडे लोभ सांभाळा.

विल्फ


ब्रॅकनलॉ,
ता. ६ डिसेंबर १९५३

चि. विल्फ यास अ. उ. आ.

तू परत गेल्यापासून घर खायला उठलंय. तार मिळताच निघालास, दोन बोटी आणि तीन गाड्या बदलून मातीला पोचलास, तेवढं तरी झालं. बॅंडच्या मागे तू चालत होतास आणि खाण कामगारांच्या निशाणावर काळी पट्टी होती, ते पाहून मला वाटलं, आबांना आत्ता कुणीतरी सांगायला हवं, की विल्फ आलाय. तू थडग्यापाशी एक शब्द बोलला नाहीस. घरी चहा झाला, तेव्हाही नाही. मला तुझा राग आला नाही, हे सांगायलाच लिहिते आहे. पाच आठवडे मागितलेस, त्यांना एकच मिळाला. त्यात तुझा काय दोष.

तुझं चौदा तारखेचं पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं. कोळी हे ऐकून म्हणाले, आपल्या घराण्यात पाण्याला सगळेच भितात, हा सांभाळून असू दे.

काल नर्सबाई पॉट्स आली आणि हा बंद लिफाफा माझ्या हातात देऊन ओशाळी उभी राहिली. आबांनी तिच्याकडून लिहून घेतलंय. नाताळात तू आलास की स्वतःच्या हातानं देणार होते, म्हणून तिच्याकडे ठेवायला दिला होता. वर तुझं नाव आहे, माझं नाही. म्हणून मी उघडलेला नाही, जसाच्या तसा पाठवते आहे.

लीक अजून वाफ्यातच आहेत. मी हात लावला नाही.

तुझी, आता लोभाची एकटीच मालकीण,
एनिड


ब्रॅकनलॉ,
ता. १० नोव्हेंबर १९५३

चि. विल्फ यास बापाचे अनेक आशीर्वाद.

नर्सबाई लिहिते आहे, मी बोलतो आहे. ती म्हणते सावकाश बोला. मी म्हणतो, धाप लागते तेवढी सावकाशी पुरे.

हे तुला हातात देणार आहे. तोंडानं सांगता आलं असतं, पण आपल्या घरात असलं काही तोंडानं बोलायची पद्धत नाही. तुझ्या आईलाही मी जे सांगायचं ते ती गेल्यावर सांगितलं. ते बरं नव्हे.

विल्फ, बोलपटात तू बोलला नाहीस. एनिडला वाटतं मला कळलं नाही. ती मला सांगत होती, आवाज सुधारला म्हणून, आणि तिचा स्वतःचाच आवाज कापत होता. मी हसलो आणि सोडून दिलं. तिला तसंच वाटू दे, हे तिला सांगू नकोस. पण मी एकेचाळीस वर्षं काळोखात काम केलं. दिवा विझला की पलीकडून कोण येतंय ते पावलांवरून, खोकल्यावरून ओळखायचं, नाहीतर जीव जायचा. मग पोटच्या पोराचा आवाज मी ओळखणार नाही? ‘घोडा तयार आहे’ झालं, मी म्हटलं, हा कोण बुवा? वाटलं, तुला काढून दुसरा घेतला. पण आजूबाजूला सगळे कुजबुजत होते, हा बघा विल्फ, हा बघा विल्फ. तेव्हा समजलो. तोंड तुझं ठेवलंय आणि आतला माणूस काढून घेतलाय. फार वाईट वाटलं रे. माझ्यासाठी नाही. नऊ वाक्यं तू कशी म्हटली असशील ते मी लीकपाशी बसून रोज ऐकत होतो, मला ती पाठच आहेत. तुझ्यासाठी वाईट वाटलं. तू तिकडे एकट्यानं हे गिळलं असशील आणि आम्हाला हसतमुख पत्रं लिहिली असशील.

आता ऐक. मग ती घोडी अडली. आणि तू हाक मारलीस.

दोन टिचक्या आणि आत ओढलेला श्वास. ड्यूकची हाक. मीच मारतो तशी, पण अगदी तशी नाही. तुझा पुढचा दात खाणीत फुटला तेव्हापासून तुझ्या श्वासात एक बारीक शीळ येते. माझ्या येत नाही. जगात कुणाच्याच येत नसेल. ती शीळ आली, आणि मी म्हटलं, हा माझा. तो दात फुटला तेव्हा तुझी आई माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. तिला काय ठाऊक, तो एवढ्या कामी येईल.

तेवढं ऐकायला मी आणखी दोनदा गेलो. आयझॅक बिचारा शेजारी झोपतो. मी जागा असतो. आधीचं सगळं जाऊ देतो, ते येतं, ऐकतो, मग नंतरचंही जाऊ देतो. जमलं तर पुन्हा जाईन.

तू घाबरू नकोस. ते शिकवतात ते शीक, साहेबासारखं बोलावं लागलं तर बोल, पोटासाठी माणूस काय काय करतो. मी खाली उतरलोच ना. फक्त कुठे घोडं असलं, तर त्याला तूच बोलाव. तो दात मात्र कुणाला नीट करू देऊ नकोस.

नर्सबाईचा हात दुखला. नाताळात ये. तुझ्यावर माझा लोभ आहे, हे एकदा लिहून ठेवतो.

तुझा बाप,
मॅथ्यू टीसडेल
(सही माझी आहे. वाकडी आली असेल तर नर्सबाईनं कागद हलवला.)


लंडन,
ता. १३ डिसेंबर १९५३

ती. एनिडताईस सा. न. वि. वि.

आबांचं पत्र सोबत पाठवतो. तुला सांगू नकोस असं त्यांनी म्हटलंय, पण आपण तिघांनी एकमेकांपासून पुष्कळ लपवलं, आता पुरे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस?

ती करंगळी, ताई. तू पाहिलीस आणि लिहिलीस, आणि मला पत्ताही लागला नाही. आवाज चढवायच्या दिवशीचं आता आठवतं. त्या गृहस्थांनी हाकही मारून पाहिली होती. टिचक्या जमल्या, श्वास जमेना, हसू आलं सगळ्यांना. यंत्रावरचा माणूस म्हणाला, राहू द्या, घोड्याला बोलावलंय, त्यात बोली कुठे कळते. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, मी ते मनावरच घेतलं नाही.

काल पूर्वेकडच्या एका लहानशा थिएटरात तो बोलपट लागलेला दिसला. आजवर मी तो धड बघितला नव्हता. गेलो, मधल्या जागेवर बसलो, डोळे मिटून घेतले. हातात घड्याळ होतं. आपली हाक पन्नास मिनिटं झाल्यावर येते. दोन सेकंदही टिकत नाही. बाजूची बाई खोकली असती तर हुकली असती. ताई, तो धूळभरल्या छातीचा माणूस थंडीत बस धरून जायचा आणि या दोन सेकंदांसाठी पन्नास मिनिटं अनोळखी माणसाचं बोलणं ऐकत बसायचा. आणि मी त्यांना पाच आठवडे दम धरायला सांगत होतो, कागदावर लिहून घेतलेला आवाज द्यायचा म्हणून. त्यांना तो केव्हाच मिळाला होता. त्यांना मी हवा होतो.

खोलीवर येऊन मी आरशापुढे उभा राहून हाक मारली. वीसदा तरी मारली असेल. घरमालकीण वर येऊन विचारून गेली, मांजर शिरलंय का. टिचक्या येतात. श्वास येतो. शीळ येत नाही. दात फार चांगला बसवलाय त्यांनी.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो. स्टेशनवर येऊ नकोस, थंडी आहे, मी चालत येईन. लीक मी उपटीन. आयझॅकला विचारून ठेव, स्टेनबीला तो बोलपट अजून असला तर आपण तिघं जाऊ. शेवटपर्यंत थांबायचं नाही. घोडी बाहेर आली, की उठू.

आबांच्या वाटचा लोभही आता तुलाच करावा लागणार.

तुझा धाकटा,
विल्फ